गुरमेलच्या मांडीतले पाहुणे

आमच्या लॅबमध्ये जंतू एका रात्रीत प्लेटभर वाढायचे. किश्शांना तेवढाही वेळ लागत नसे. एरवी चारचौघांत मी गप्पच असतो, पण पंजाबातल्या गोळीबाराच्या त्या वर्षांतल्या चंडीगडच्या हॉस्पिटलचा विषय कुणी काढला, की मला कुणीतरी थांबवावं लागतं.

आठवीत शाळा सोडून मी फौजेतल्या काकांकडे चंडीगडला आलो आणि तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागलो. काम स्वयंपाक्याचंच. जंतूंसाठी खळ शिजवायची, तीत मेंढीचं रक्त मिसळायचं आणि काचेच्या बश्यांत ओतायची. "दत्ता, पाहुण्यांना उपाशी ठेवू नकोस," आमच्या आठल्ये मॅडम म्हणायच्या. त्या नागपूरच्या, लॅबच्या डॉक्टर. पाहुण्यांना मारायचं काम त्यांचं.

०००

रक्त देणारा मेंढीवाला चंडीगडजवळच्या मनीमाजऱ्याचा. कर्फ्यू लागला आणि तो येईना. पास घेऊन मीच सायकलवर गेलो. परत येताना नाक्यावर जवानाने थैली उघडली.

"इसमें क्या है?"

"जी, खून."

सगळ्या बंदुका माझ्याकडे वळल्या.

"किसका?"

"भेड़ का. कीड़ों के लिए."

मॅडम येऊन सोडवेपर्यंत रक्ताची बाटली माझ्या डोक्यावर होती. हात वर करायला सांगितलं होतं, आणि बाटली काही मी सोडणार नव्हतो.

०००

त्याच रक्तावर गुरमेलसिंगचे जंतू वाढले. गुरमेल बस ड्रायव्हर. बसवर गोळीबार झाला, मांडीत गोळी घुसली, तरी याने बस थांबवली नाही. प्रवासी वाचले. गोळी निघाली, पण जखमेत हिरवा पू झाला.

जंतूंच्या प्लेटवर आम्ही औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतो. चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडलं, तर ते औषध चालणार. गुरमेलच्या प्लेटवर जंतू प्रत्येक चकतीला खेटून वाढले होते.

"टांग काटनी पड़ेगी," सर्जनसाहेब म्हणाले.

"गोली नहीं ले गई, कीड़ा क्या ले जाएगा जी?" गुरमेल म्हणाला.

मॅडम प्लेट उजेडात धरून बघत होत्या. दोन चकत्यांच्या मधोमध नखाएवढी जागा मोकळी होती. एकेकटी हरणारी ती दोन औषधं जोडीने लढत होती.

"बास," मॅडम मला म्हणाल्या. "एवढ्या फटीतून शिरू."

सर्जनसाहेबांकडून त्यांनी एक आठवडा मागून घेतला.

०००

इंजेक्शनांच्या जोडीला जखम रोज उघडून पातळ सिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने, धुवायची होती. या जंतूंना आंबट सोसत नाही. वॉर्डभर वास सुटला. गुरमेलची आई, बीजी, नाकाला ओढणी लावून म्हणाली, "डॉक्टरनी, मेरे पुत्तर का अचार डाल रही हो?"

"हां बीजी. अचार सड़ता नहीं."

०००

हे जंतू हातांवरून पसरतात. म्हणून मॅडम वॉर्डच्या दारात, बेसिनशेजारी स्टूल टाकून बसायच्या. हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. सर्जनसाहेबसुद्धा धुसफुसत धुवायचे.

एकदा जखमींना भेटायला मंत्री आले. पुढे कमांडो.

"हाथ धोइए," मॅडम म्हणाल्या.

"बंदूक नहीं छोड़ सकता मैडम. ऑर्डर है."

"तो उसे भी धो लीजिए."

कमांडो हलेना, मॅडम उठेनात. शेवटी मंत्र्यांनी बंदूक धरली आणि कमांडोने हात धुतले.

०००

गुरमेलचा ताप उतरला, पू आटला. शेवटच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. मॅडमनी मला बोलावून ती दाखवली. "दत्ता, पाहुणे गेले."

घरी जायच्या दिवशी गुरमेल काठी टेकत दारापर्यंत चालत आला. सर्जनसाहेब न सांगता बेसिनवर हात धुऊन पुढे झाले.

"बधाई हो सरदारजी. हाथ मिलाओ."

"हाथ नहीं जी." गुरमेलने भिंतीला पाठ टेकली आणि पाय पुढे केला. "काटना इसे था, तो मिलाओ भी इसी से."

बीजीने कपाळाला हात लावला.

सर्जनसाहेबांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, टाय शर्टात खोचला आणि ते वाकले.