म्हसवडचा विस्तव, कुंभार्लीचा पाऊस

चकमक, घडीची चूल, पितळी फुंकणी आणि मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या: सगळं माझ्या हातचं. शिकवलं कुणी नाही; माधवनगरच्या शेडमध्ये बघत, बिघडवत शिकलो. पुण्याच्या एका दुकानदाराला माझ्या दोनशे चकमकी हव्या होत्या, डबीवर 'भर पावसात जाळ' असं छापून. छापण्याआधी करून बघावं म्हणून निघालो. दिवाळी सरली तरी अवकाळी सुरूच होता.

इस्लामपूर, कराड, पाटण. कराडला मिसळ ऐंशी रुपये, रस्सा मागाल तितका. पाटणपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे खड्डे आणि धुकं. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे माळावर थांबलो. शेजारी कोकणात मेंढरं घेऊन निघालेलं म्हसवडकडचं म्हातारं जोडपं, एक घोडी, आणि घोंगडीत नुकतंच जन्मलेलं, थरथरणारं कोकरू.

"शेक पायजे त्याला," आजी म्हणाल्या.

"पाच मिनिटं द्या," मी ऐटीत म्हणालो.

मोजून पन्नास ठिणग्या पाडल्या. टपोऱ्या, पांढऱ्या. पण कापूस दमट, काटक्या ओल्या, धूरसुद्धा निघेना.

आजोबा हसले. "पावनं, दिवाळी झाली की!"

"आवं, चेष्टा ऱ्हाऊ द्या," आजींनी त्यांना दटावलं. " पिल्लू गार पडाय लागलंय."

आजींनी माझ्या काटक्या सारून चिखलावर सपाट दगड ठेवला. कोयत्यानं जाड फांदी उभी चिरली. आतलं लाकूड ठणठणीत कोरडं! त्याच्या ढलप्या रचल्या. मग तव्यानं झाकलेलं मडकं घोडीवरून उतरवलं, राख उकरली. आत शेणी, अन् शेणीच्या पोटात लालभडक विस्तव.

"हा कधी पेटवला?" मी विचारलं.

"पेटवतोय कशाला?" आजोबा म्हणाले. " घरच्या चुलीतला हाय. सांजंला जाळ, सकाळी राखंत झाकायचा. म्हसवड सोडल्यापास्नं इझला न्हाई."

मी मडक्यात डोकावलो. इतक्या मुक्कामांची वाट, हा पाऊस, आणि घरची चूल घोडीच्या पाठीवर जिवंत!

आजींनी माझी फुंकणी उचलली, फुंकर घातली. भडका झाला. "ही मातूर लय झ्याक हाय रं!"

कोकरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईला जाऊन लुचलं. फुंकणी तिथंच ठेवून आलो.

तुम्ही गेलात तर ध्यानात ठेवा: आधी दगड, मग चिरलेलं लाकूड, ठिणगी सगळ्यात शेवटी.

घरी आल्यावर दुकानदाराला फोन केला. "डबीवर फक्त 'ठिणगी पडेल' एवढंच छापा." तो ऐकेना. मग नाही म्हणालो. दोनशे चकमकी, रोख एक लाख चाळीस हजार रुपये: सगळं सोडलं.