चिंतामणशेठच्या फोटोखालची ओळ

चिंतामणशेठ काल गेले, आणि कालपासून त्यांच्या फोटोखाली जी ओळ फिरतेय ती चुकीची आहे.

चूक माझी आहे. तेव्हा कृपा करून फॉरवर्ड करणं थांबवा आणि हे वाचा.

ज्यांना शेठ माहीत नाहीत त्यांच्यासाठी: डोंबिवली एमआयडीसीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा कारखाना. राहायला कोपर. काही पिढ्यांमागे घरचे सगळे मिठागरात राबणारे.

मी तेव्हा तिथल्या कारखानदारांचं मासिक काढायचो. त्यात एक सदर होतं, ‘उद्योजकांनी काय वाचावं?’ लीडरशिप, टीम, कम्युनिकेशन वगैरे.

सगळे मालक एअरपोर्टवर मिळणाऱ्या त्याच चार इंग्रजी पुस्तकांची नावं द्यायचे. दुसऱ्या चॅप्टरमध्ये काय आहे विचारलं की फोन यायचा त्यांना.

शेठनी तर मला तीन अंक लटकवलं.

“शेठ, यादी?”

“देतो रे.”

“आज अंक छापायला जातोय.”

“मग जाऊ दे ना. मी काय आडवा झोपलोय?”

चौथ्या वेळी आले ते प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना कागद घेऊन.

“ही माझी यादी. एकच हाय.”

त्यांच्या पणजोबांचं पत्र. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं. पणजोबा मिठागरावर मुकादम होते. कोर्टाच्या कामाला महिनाभर ठाण्यात राहायचं होतं, म्हणून मागे धाकट्या भावाने माणसांशी कसं वागायचं, ते कारकुनाकडून लिहून घेतलेलं. मोडीत.

ठाण्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी अक्षरं लावून दिली. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. मास्तर म्हणाले, “अक्षरं माझी. शब्द तुम्ही तोडा.”

संध्याकाळी अंक जायचा होता. मी तोडले.

पाणी आधी गड्यांस दे, मग तू पी.
उन्हातल्या माणसाशी सावलीत बसून बोलू नको.
चुकला त्यास चौघांदेखत बोलू नको.
कामास न आला त्याचे घरी जाऊन विचारू नये.

शेवटची ओळ तुफान चालली. ट्रेनर मंडळींनी तिची स्लाइड केली. माणसांवर विश्वास ठेवा, त्यांची प्रायव्हसी जपा, टाळ्या.

शेठनी कारखान्यात बोर्डच लावला. कोण का आलं नाही, विचारायचं नाही. सुपरवायझर खूश. तेवढाच एक फोन वाचला.

मग सुनंदाबाई यायच्या बंद झाल्या. राहायला आंबिवलीला, पॅकिंगला एकोणीस वर्षं. तीन आठवडे झाले. नियमाप्रमाणे कुणीही विचारलं नाही.

पोस्टाने राजीनामा आला. दोनच वाक्यं. “मी जिवंत आहे. कामावर येणार नाही.”

शेठचा मला फोन.

“एडिटर, मना पटत नाय. माझा पणजा असा नव्हता.”

“म्हणजे?”

“सगल्या कागदात तो ‘नको’ बोलतो. मग हितंच ‘नये’ कशाला बोलेल? सख्ख्या भावाला कोण ‘नये’ बोलतं? परत तोडून बघ.”

मी मास्तरांचा कागद काढला. सलग अक्षरं. विचारुनये.

विचारून ये.

घरी जाऊन विचारून ये!

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने काढल्या, आणि इथे एक जागा एक अक्षर आधी सोडून अख्खा माणूस उलटा करून ठेवला.

त्याच दुपारी शेठ मला घेऊन आंबिवलीला गेले. सुनंदाबाई दारातच उभ्या. आत या म्हणाल्या नाहीत. मागे खाटेवर नवरा. अर्धं अंग लुळं पडलेलं.

“बाय, चुकलं माझं,” शेठ म्हणाले.

“तुमचं कसं चुकंल, शेठ? तुमचा तर नियम हाय भिंतीवर.”

मी मध्येच मोडीबद्दल समजावून सांगू लागलो. शेठनी माझा दंड दाबला. “ते मागनं. आधी त्याला बघू दे.”

आत गेले आणि तासभर खाटेजवळ बसले. डॉक्टर कोण, उचलायला कोण, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं.

निघताना सुनंदाबाई म्हणाल्या, “चहा टाकू, का ते पण विचारू नये?”

तीन महिन्यांनी त्या कामावर परतल्या. बोर्ड शेठनी त्याआधीच स्टुलावर चढून स्वतः उतरवलेला.

मला म्हणाले, “दुरुस्ती छाप. मोठी छाप.”

मी छापली. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, जशा आम्ही संपादक आमच्या चुका छापतो. कुणाच्याही नजरेला पडली नाही. म्हणून कालपासून प्रत्येक ग्रुपवर शेठचा फोटो, गुलाबांची बॉर्डर, आणि खाली ‘विचारू नये’.

आज सकाळी अकराला अंत्ययात्रा होती. मी घरी बसून एकेका पोस्टखाली खुलासा लिहीत होतो. एकाने उत्तर दिलं, “भावना समजून घ्या, सर.” दुसऱ्याने नुसता अंगठा. तिसऱ्याशी चक्क भांडलो. घड्याळ बघितलं तेव्हा दीड वाजून गेलेला.

मी शेठना पोचवायला गेलोच नाही.

मघाशी सुनंदाबाईंचा फोन आला.

“एडिटर, कोपरला दिसला नाय. तब्येत बरी हाय ना?”

खरं काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं,

“जेवलाव का?”

“नाही.”

“जेवा आधी. मंग शेठच्या घरी जाऊन या. वैनी एकट्या बसल्यात.”

निघतोय.

शेठ, उशीर झाला, माफ करा. तुमच्या आठवणीला वाकून नमस्कार.