बेचाळीस पायऱ्या आणि साळवे सिस्टर

साळवे सिस्टरांशी माझी खरी ओळख जमिनीपासून पस्तीस फूट उंचीवर झाली. त्याआधी मला त्या कारखान्याच्या दवाखान्याच्या खिडकीतून दिसत तेवढ्याच ठाऊक होत्या. कुणाचे बोट कापले की त्या पट्टी बांधत, आणि दुसऱ्या दिवशी तो पट्टी भिजवून आला की चारचौघांत त्याची हजेरी घेत. श्रीमती यमुनाबाई साळवे हे त्यांचे पूर्ण नाव मला पुढे कित्येक महिन्यांनी कळले. या महिन्यात त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि विक्रोळीच्या आमच्या कारखान्याच्या वतीने या गौरवग्रंथात लिहिण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले आहे. माझ्याहून जास्त शिकलेली माणसे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या दिवशी सिस्टरांनी काय केले, हे केबिनीत बसून पाहिलेला माणूस मी एकटाच.

मी क्रेन चालवतो. छताखाली दोन रुळांवर धावणारी मोठी क्रेन आणि तिला लटकलेली लोखंडी केबिन, ही माझी जागा. आठ वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, पहिल्या पाळीला मी एका मशिनचा सहा टनांचा ओतीव सांगाडा उचलला होता. चार महिन्यांपूर्वी माझे वडील खुर्चीत बसल्या बसल्या हृदयविकाराने गेले होते. तेव्हापासून छातीत जरा काही हलले की मी सावध होई, पण हे मी कोणाला बोललो नव्हतो. सांगाडा हवेत असतानाच माझे काळीज एकाएकी धडधडू लागले. घाम फुटला, बोटे वाकडी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. बापाची पाळी झाली, आता माझी, एवढेच मनात आले.

फोरमन केळकरांनी खालून ओळखले की काहीतरी बिनसले आहे. त्यांनी मेन स्विच बंद करवला. ब्रेकवर सांगाडा जागच्या जागी लटकून राहिला. त्यांनी खालची सगळी माणसे लांब नेली. पण माणसे ओरडू लागली. "परब, खाली उतर रे!" "अरे, काय झालं? बोल ना!" प्रत्येक हाकेसरशी माझी छाती आणखीच उडू लागली. शिडी माझ्यापासून दोन हातांवर होती, पण पाय उचलत नव्हता.

तेवढ्यात आवाज थांबले. वाकून बघायचा मला धीर झाला नाही. थोड्या वेळाने केबिनीच्या दारात पांढऱ्या साडीचा खोचलेला पदर दिसला आणि मग सिस्टरांचे डोके. बावन्न वर्षांची बाई चपला खाली काढून बेचाळीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी चढून आली होती. आत येऊन त्या खाली पत्र्यावर बसल्या, आणि पहिले वाक्य काय बोलल्या?

"थांब रे परब, मला दम लागलाय. जरा माझ्याबरोबर श्वास सोड. हळू सोड. मला बरं वाटेल."

मला हे आजही आश्चर्याचे वाटते. मरायला टेकलेल्या माणसाकडे त्यांनी मदत मागितली, आणि मी ती केली. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. त्यांनी माझे मनगट धरले होते. काही वेळाने म्हणाल्या, "नाडी पळतेय, पण सरळ पळतेय. डॉक्टर तुला तपासतीलच. पण मला वाटतं, तू मरत नाहीयेस, तू घाबरलायस. हे चढतं तसं उतरतं. बरं, मी इथं पहिल्यांदाच आलेय. खाली काय काय दिसतं ते दाखव मला."

मी एकेक सांगू लागलो. लाल बादल्या. सातव्या लेथवर कोणीतरी विसरलेला डबा. "केळकरसाहेबांचं टक्कल," मी म्हणालो, आणि सिस्टर हसल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसलो. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. माझी बोटे सरळ झाली होती.

"खाली कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तुला जमत असेल तर माल तू उतरव. नसेल तर दुसऱ्याला बोलावू, त्यात कमीपणा नाही. घाई तर मुळीच नाही."

मी हात बाहेर काढून खूण केली. मेन चालू झाला. सहा टनांचा तो सांगाडा मी लाकडी ठोकळ्यांवर असा अलगद टेकवला की आवाजसुद्धा झाला नाही. खाली अख्ख्या शॉपने, म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्या कामगारांनी, टाळ्या वाजवल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी सिस्टरांचे आभार मानून मोकळा झालो असतो. पण दुसऱ्या दिवशी मी शिडीला हात लावला आणि पुन्हा तेच. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला होता, तो स्वच्छ होता. तरी पायरी चढवेना. "परबाला फिट येते," असे कँटीनमध्ये बोलले जाऊ लागले. घरी आई म्हणाली, "माझ्या झिलाक कोणाची तरी नजर लागली." तिने मीठमिरच्या उतरवल्या. मी जेवताना मध्येच थांबलो की माझी बायको, सुलभा, हिचाही घास थांबायचा.

एका रविवारी सिस्टर चाळीत आमच्या घरी आल्या. आईने त्यांना नजरेचे सांगितले. सुशिक्षित बाई आता आईला चार शब्द सुनावणार, म्हणून मी चोरट्यासारखा बसलो होतो. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, नजर काढा, मी अडवत नाही. लेकरासाठी आई काहीतरी करणारच. फक्त याचा चहा दिवसाला दोन कपांवर आणा. आणि हा छाती धरून बसला की तुम्ही दोघींनी त्याच्याभोवती धावू नका. शेजारी बसा, आणि कोथिंबीर निवडायची असेल तर ती निवडा."

आई म्हणाली, "ह्या बाईक समाजता गो." त्या दिवसापासून आमच्या घरी चहा मोजून मिळू लागला.

त्याच आठवड्यात पर्सोनेल ऑफिसातून बोलावणे आले. मला 'अनफिट' ठरवून कामावरून कमी करायचे, असा कागद तयार होता. त्या बैठकीत मी, केळकर आणि सिस्टर होतो. अधिकारी वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना अपघाताची धास्ती होती. "मनाचा रोगी माणूस क्रेनवर ठेवायचा कसा, सिस्टर? तुम्हीच सांगा."

सिस्टर उभ्या राहून बोलल्या. आवाज जराही चढवला नाही. "साहेब, गेल्या वर्षी एकाचा हात मोडला. तुम्ही त्याला तीन महिने हलकं काम दिलंत आणि परत मशिनवर घेतलंत. त्याला कोणी मोडका माणूस म्हटलं नाही. यालाही तीन महिने द्या. तोवर हा क्रेनच्या जवळ जाणार नाही. मग डॉक्टर आणि सेफ्टी ऑफिसरसमोर परीक्षा घ्या. नापास झाला तर अनफिटचा कागद डॉक्टरांकडे मीच घेऊन जाईन."

शेवटचे वाक्य ऐकून मी हादरलो. बाहेर आल्यावर विचारले, "सिस्टर, खरंच न्याल कागद?"

"नेईन," त्या म्हणाल्या. "खालून माणसं चालतात रे. त्यांनाही घरं आहेत. म्हणून तर आपण नीट तयारी करायची."

मला स्टोअरमध्ये खिळे-बोल्ट मोजायला बसवले, आणि जेवणाच्या सुट्टीत आमची तयारी सुरू झाली. बंद पडलेल्या जुन्या क्रेनची शिडी मोकळी होती. केळकरांनी तिथे कमरेला बांधायचा पट्टा दिला. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर छाती उडाली आणि मी खाली यायला निघालो. सिस्टरांनी खालून अडवले.

"आता उतरू नकोस. भीती चढलेली असताना उतरलास तर ती म्हणेल, बघ, मीच वाचवलं तुला. तिथेच थांब. आधी ती उतरू दे, मग तू उतर."

मी थांबलो. बारा मिनिटे लागली, सिस्टरांनी घड्याळात पाहिली. पण भीती खरोखरच ओसरली. आपण काही न करता ती ओसरते, हे मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कळले. जिथे थांबलो त्या पायरीवर त्या खडूने रेघ ओढायला लावत. काही दिवस रेघ वर गेली, काही दिवस खालीही आली. खाली आली की मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "काल कमी झोपलायस, दुसरं काही नाही. उद्या बघू."

झोप उडवणाऱ्या विचारांसाठी त्यांनी मला एक वही दिली. रोज संध्याकाळी सहा वाजता पंधरा मिनिटे बसायचे आणि सगळ्या काळज्या तिच्यात उतरवायच्या. एरवी दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचे, "सहाला ये." मी हे एकदा चुकून मोठ्याने बोललो आणि स्टोअरमधल्या सगळ्यांनी ऐकले. झाले! महिन्याभरात अख्ख्या कारखान्यात तो शब्द पसरला. कोणी कुरकुर करू लागला की केळकरसुद्धा म्हणत, "सहाला ये."

परीक्षेच्या दिवशी शॉपमध्ये काम थांबले होते. डॉक्टर, सेफ्टी ऑफिसर, पर्सोनेलचे साहेब खाली उभे. सिस्टर मात्र मुद्दाम दवाखान्यातच बसल्या. "मी असले तर माझ्या जिवावर चढशील," असे त्यांनी सकाळीच सांगितले होते. विसाव्या पायरीवर ती आली. तोच घाम, तीच धडधड. मी थांबलो. सहा मोजत श्वास सोडला. समोरच्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे पाहिले. पायऱ्यांना घट्ट धरून म्हणालो, "आलीस? चल मग बरोबर." आणि चढलो. बेचाळिसावी पायरी ओलांडून केबिनीत बसलो, खालचा परिसर मोकळा झाल्याची खूण मिळाली आणि मी माल उचलला, शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, आणि ठेवला. एकदा नव्हे, तीनदा.

खाली उतरलो तेव्हा पर्सोनेलच्या साहेबांनी सर्वांच्या आधी हात पुढे केला. मी त्यांचा हात धरला आणि सोडून धावतच दवाखान्यात गेलो. सिस्टर कोणाच्या तरी अंगठ्याला पट्टी बांधत होत्या. "झालं?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. त्यांनी पट्टीची गाठ मारली, त्या माणसाला "भिजवू नकोस" म्हणून बजावले, आणि मग चष्मा काढून पदराने डोळे पुसले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्याच केबिनीत आहे.

माझ्यामागून दुसरे आले. कोणाला झोप नव्हती, कोणाला बंद खोलीची भीती, कोणाच्या घरी भाऊ बेकार बसलेला. सिस्टरांनी कँटीनच्या कोपऱ्यात मंगळवारची बैठक सुरू केली. अध्यक्ष नाही, भाषण नाही. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, बाकीच्यांनी उपदेश न करता ऐकावे, हा एकच नियम. पुढे मुलुंड आणि घाटकोपरच्या वस्त्यांत बायकांच्या बैठका निघाल्या. त्यांतल्या दोन आज सुलभा चालवते.

सिस्टर सर्व दुखण्यांवर एकच औषध देत नसत, हेही नोंदवले पाहिजे. आमचे वेल्डर गणपत शिंदे यांच्याविषयी मी त्यांच्या परवानगीने लिहितो. एका मंगळवारी ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मी नसलो तर घरच्यांचं बरं होईल." आम्हाला ते निराशेचे बोलणे वाटले. सिस्टरांनी बैठक तिथेच थांबवली, त्यांना बाजूला घेतले आणि सरळ विचारले, "शिंदे, जीव द्यायचं मनात येतंय का?" शिंदे रडू लागले. सिस्टरांनी त्यांना क्षणभर एकटे सोडले नाही. त्यांच्या पत्नीला बोलावून घेतले आणि त्याच दिवशी तिघे मोठ्या इस्पितळातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. शिंदे वाटेत म्हणाले, "लोक वेडा म्हणतील." सिस्टर म्हणाल्या, "मोडलेलं हाड श्वास मोजून जुळत नाही, शिंदे. तसं हे दुखणं डॉक्टरांचं आहे. लोकांना काय सांगायचं ते मी बघते." पुढचे पाच महिने दर खेपेला त्या बरोबर गेल्या. शिंदे आज या गौरव समितीचे चिटणीस आहेत, आणि मागच्याच महिन्यात त्यांनी मुलीचे लग्न थाटात लावले. वरातीत सर्वांत पुढे तेच नाचत होते.

सिस्टरांना हे सारे आले कुठून? एका मंगळवारी त्यांनी स्वतःच सांगितले. जालन्याकडून लग्न होऊन त्या मुंबईत आल्या. पदरी लहान मुलगी असताना पती वारले. नर्सिंगचे शिक्षण सुरू असतानाच त्यांना रस्ता ओलांडायची भीती बसली. समोर इस्पितळ दिसे आणि पाय उचलत नसे. "दीड वर्ष रोज कोणाचा तरी हात धरून रस्ता ओलांडला," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस ठरवलं, आज अर्धा एकटीनं." आमच्या सिस्टर भीतीला ओळखतात त्या पुस्तकातून नव्हे, हे तेव्हा समजले.

त्यांचा स्वभाव गोड आहे असे मी लिहिले तर त्या स्वतःच ते खोडतील. उशिरा आलेल्याला त्या आत घेत नाहीत. स्तुती सुरू केली की घड्याळ बघतात. या ग्रंथालाही त्यांनी आधी साफ नकार दिला होता. शिंदे म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला चारचौघांत कौतुक ऐकायची भीती वाटते. मग थांबायचं, उतरायचं नाही." त्यावर त्यांनी आपला शब्द मागे घेतला. आठ वर्षांत पहिल्यांदाच!

सिस्टर, निवृत्तीनंतरही तुमचे मंगळवार भरलेलेच आहेत. तुमचे गुडघे बळकट राहोत, डोळे शाबूत राहोत, आणि शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो. तुम्ही कशा असाल, काय होईल, असा घोर आम्ही मुळीच लावून घेणार नाही, तसे तुम्हाला आवडायचे नाही. पण दवाखान्याच्या फेऱ्या असोत, सणवार असो की नुसता रिकामा दुपारचा वेळ, आमच्यापैकी कोणीतरी तुमच्या दारात हजर असेल. तुमची काळजी करणे आम्ही सोडले आहे. तुमची काळजी घेणे आता आमच्याकडे लागले.