डाळिंबी टॉवेल

पिरंगुटच्या दुकानात मी तीन टॉवेल घेतले, तेव्हा दुकानदाराला चारदा विचारलं, रंग जाईल का? तो वैतागला. "ताई, टावेल फाटंल, पण रंग जायचा न्हाई." दुकानदाराच्या शब्दावर विसंबणारी मी नव्हे. घरी आणून तिन्ही टॉवेल साबणाच्या पाण्यात भिजवले, तीनदा धुतले. पाणी नितळ राहिलं. गडद डाळिंबी रंग होता आणि पक्का होता.

ते टॉवेल दादांसाठी होते. दादा म्हणजे माझे वडील. जन्मभर तंबाखू मळली, कुणाचं ऐकलं नाही, आणि साठी ओलांडल्यावर तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. दीड वर्षानं दुखणं मानेत परत उगवलं. श्वासासाठी गळ्याला नळी बसवली. लवळ्यात ज्या माणसाची हाक टेकडीवरच्या हॉस्टेलपर्यंत ऐकू जायची, तो आता स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवून आईला बोलवायचा. बाकीचं बोलणं वहीत लिहायचा. मी जवळच्या भरे गावात दिलेली, तिथल्या कंपनीत पॅकिंगला जाते. मला भाऊ नाही. रजा टाकून मीच माहेरी येऊन राहिले.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी दादांच्या समोरच सगळं सांगितलं. शेकांमुळे मानेतली मोठी रक्तवाहिनी कमजोर झालीय, वर जखम आहे, ती फुटू शकते. कधीकधी फुटण्याच्या आधी एकदोन दिवस थोडंसं रक्त येतं, चमचाभर, आणि आपोआप थांबतं. "थांबलं म्हणून घरी बसू नका. तोच इशारा असतो. तेव्हा आलात, तर मांडीतून तार घालून ती आतून बंद करता येते. एकदम फुटली, तर हातात मिनिटंच राहतात." मग त्यांनी माझा पंजा धरून स्वतःच्या मानेवर ठेवला. "दाबा. अजून जोरात. आणि बघायला म्हणून हात उचलायचा नाही." गडद टॉवेल जवळ ठेवा, म्हणाल्या, रक्त बघून घरची माणसं गळाठतात आणि पेशंटही घाबरतो. "पण ते त्या वेळेपुरतेच. रोज पुसायला पांढरंच कापड वापरा. पहिला थेंब दिसला पाहिजे."

पहिला थेंब बघायचा, एवढंच माझं काम होतं.

जुनं धोतर फाडून मी पांढऱ्या घड्या केल्या. दादांची लाळ सतत गळायची, जखमही झिरपायची, आणि पांढऱ्यावर सगळं उठून दिसायचं. आमच्या खोल्यांत कॉलेजची पोरं भाड्यानं राहतात. जाता-येता ती ओट्यावर थांबून दादांची चौकशी करायची. पूर्वी पाण्याची मोटर चालू ठेवली म्हणून दादांनी त्याच पोरांना फैलावर घेतलेलं. एके सकाळी दादांनी वही माझ्यापुढे सरकवली. "पांढरं नको. पोरं बगत्यात."

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, "बगू द्या की. तंबाखू मळताना न्हाई लाज वाटली ती?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. उलटून ओरडता येत नव्हतं, म्हणून नुसते खांदे हलत होते. वडलांना तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझंच थोबाड फोडावंसं वाटलं. थोड्या वेळानं मी आत गेले, डाळिंबी टॉवेलांपैकी एक काढला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांनी माझा हात थोपटला. दुसऱ्या दिवसापासून ते टॉवेल खांद्यावर टाकून पूर्वीसारखे ऐटीत ओट्यावर बसू लागले. मला केवढं बरं वाटलं! मी मनाशी म्हटलं, मी रोज नीट बघीन. रोज बघतही होते. पण डाळिंबी कापडावर ओल तेवढी दिसते, ती कशाची आहे ते दिसत नाही.

त्या दिवसांत घरावर आणखी दोन खोल्यांचं काम चाललं होतं. स्लॅब सोमवारी पडायचा होता आणि दादांचा सगळा जीव त्या स्लॅबात होता. रविवारी ते दिवसभर गप्प होते. म्हणजे वहीतसुद्धा काही लिहिलं नाही. रात्री मी विचारलं, दुखतंय का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि तेवढं एक लिहिलं, "उद्या मुकादमाला च्या लवकर दे."

सोमवारी नारळ फुटला. पहिलं घमेलं मालकानं टाकायचं असतं. दादांना वर चढवणार कसं, म्हणून घमेलं खाली आणून त्यांचा हात लावून घेतला. मिक्सर सुरू झाला. मी कामगारांना चहा देत होते आणि दादा ओट्यावर खुर्चीत बसून वर बघत होते. काय झालं म्हणून मी वळले कुणास ठाऊक. त्यांच्या मानेतून रक्ताची चिळकांडी उडत होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

किटली कुठं पडली, मला माहीत नाही. त्या वेळेसाठी खुर्चीला अडकवून ठेवलेल्या पिशवीतला डाळिंबी टॉवेल काढला, जखमेवर धरला आणि दाबलं. अजून जोरात. आई किंचाळत होती, पण मिक्सरपुढे तिचा आवाजच येत नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती लांब होती. मुकादमानं स्वतःच्या गाडीत घातलं. मागच्या सीटवर दादांना कुशीवर घेऊन, म्हणजे रक्त श्वासाच्या नळीत जायला नको, मी दाबत राहिले. माझ्या हाताखाली त्यांची नाडी उडत होती. हात सुन्न पडला तरी उचलला नाही. बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं एवढं मात्र मी अक्षरशः पाळलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझ्या हाताच्या जागी आपला हात सरकवला, मगच मला बाजूला केलं. आत नेताना त्यांनी विचारलं, "आधी थोडं रक्त आलं होतं का? काल, परवा?"

"नाही," मी ठासून सांगितलं. "मी रोज बघत होते."

तार आत घातली होती, पण तोवर फार रक्त गेलं होतं. दुपारी दादा गेले. घरी परतलो तेव्हा स्लॅब पुरा झाला होता. अर्ध्यात थांबवला तर वाया जातो, म्हणून आईनंच सांगितलं होतं, थांबवू नका.

दहाव्या दिवशी सुतक फिटलं. अंगणात आई आणि मी अंथरुणं धुवायला काढली. दादांच्या उशीच्या अभ्र्यात हाताला काहीतरी लागलं. डाळिंबी टॉवेल होता, चार घड्या घातलेला, मध्ये कडक झालेला. तिघांतला एक कमी होता, तो गाडीत राहिला असं मी समजत होते. मी तो बादलीत टाकला. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल झालं. चोळला, पिळला, तरी लालच.

घडी दादांच्या हातची होती, कडेला कड लावलेली. डाग आत राहील अशी. डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा ते माझ्या शेजारीच बसलेले होते. इशारा म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. रविवारी सांगितलं असतं, तर सोमवारी आम्ही सगळे दवाखान्यात असतो आणि स्लॅब राहिला असता. दोन खोल्यांसाठी, दादा? मला त्यांचा इतका राग आला, की बादलीवरच ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण पांढऱ्यावर त्यांना ते लपवता आलं नसतं. लपवायला कापड मीच दिलं होतं.

आई गोधडी आपटता आपटता थांबली आणि बादलीत डोकावली. "आगं बया, रंग जातुया की ह्येचा. दुकानदारानं फशिवलं की गं तुला."

मी बादली मोरीकडे उपडी केली.

"व्हय आई," म्हटलं. "कच्चाच निघाला."