गाभारा नसलेलं देऊळ

त्या चैत्रात माझी श्रद्धा आटून गेली होती, हे आधी कबूल करतो. वळसंगच्या महादेवाची पूजा आमच्या घराण्यात. वडिलांच्या मागे ती मी बारा वर्षं केली. पण बाळंतपणानंतर पत्नीचा ताप उतरेना. बैलगाडीत घालून तिला सोलापूरच्या मिशन दवाखान्यात आणलं आणि पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आम्ही करतोच आहोत. पण आशा थोडी आहे." दहा दिवसांची मुलगी शेळीचं दूध ओकून टाकत होती. तिचं रडणं इतकं बारीक झालं होतं की मला ऐकवेना. भर दुपारी मी बाहेर पडलो.

शेजारी मोठं दगडी चर्च होतं. दार उघडं दिसलं, म्हणून केवळ सावलीसाठी वहाणा काढून आत शिरलो. उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसेना. मग हळूहळू छत दिसू लागलं, इतकं उंच की वरचे वासे अंधारात विरून गेले होते. दोन्हीकडे जाड खांब, मधे रिकाम्या बाकांच्या रांगा, आणि रंगीत काचांतून फरशीवर उतरलेला तांबडा-निळा उजेड. आमचा देव चार पायऱ्या उतरून, वाकून, समईच्या उजेडात भेटायचा. इथे गाभारा नव्हता, घंटा नव्हती. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास तेवढा होता. एवढ्या भव्य जागेत आपलं दुःख लहान होईल असं वाटलं होतं, पण ते छतापर्यंत भरून राहिलं. समोर लाकडावर खिळलेला माणूस, मान कलंडलेली, बरगड्या वर आलेल्या. वेदना सोसणारा देव मी कधी पुजला नव्हता. हात जोडावेत की नाही, ते कळेना. शेवटी एका बाकावर बसलो आणि हुंदका आवरला नाही.

बाकं पुसणारी एक म्हातारी थोडं अंतर राखून उभी राहिली. "कोन आजारी हाय, बाबा?"

मी सगळं सांगितलं. गावाचं नाव आणि घरातली महादेवाची पूजा ऐकून ती थबकली.

"म्या बी वळसंगचीच की. तुमच्या वडलांस्नी वळखती. देवळाम्होरं लांब हुबं ऱ्हाऊन हात जोडायचो आमी. पायरीला शिवायची सोय न्हवती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझीच मान खाली गेली. वडिलांनंतर ती पायरी मीही तशीच राखली होती.

"जाऊ द्या त्ये," ती म्हणाली. "सून हाय माजी, हितंच मागं ऱ्हातो आमी. तिचं लेकरू तीन म्हैन्याचं हाय, दूध लई हाय तिला. पर तुमास्नी चालंल का?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळाची क्षमा मी अजून स्वतःला केलेली नाही. तिकडे पोर मरत होती आणि इकडे मी सोवळं सांभाळत होतो. मग कसंबसं म्हणालो, "आई, चला लवकर."

म्हातारीने सुनेला दवाखान्यात आणलं आणि सुनेने मुलीला पदराखाली घेतलं. दोनदा तोंड फिरवून तिसऱ्यांदा पोर प्यायला लागली. पत्नीने डोळे उघडले. "पिती का?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने हात लांबवून त्या अनोळखी बाईच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी पत्नी गेली.

मुलगी सात महिने त्या सासू-सुनांच्या घरी वाढली. गावाने माझ्याकडून पूजा काढून घेतली. मी सोलापुरात गिरणीत कारकुनी धरली. धर्म बदला असं मला कुणी म्हटलं नाही, मीही बदलला नाही. मुलगी आता शाळेत जाते आणि सुट्टीला त्यांच्याकडे हट्टाने राहते.

त्या दुपारी कोणत्या देवाने ऐकलं, याचा निवाडा मी करत नाही. मनात पत्नीचा जीव मागत होतो, तो मिळाला नाही, आणि तो सल जात नाही. पण काय द्यावं, कुणाच्या हातून द्यावं, हे आता मी देवाला सांगत नाही. सकाळी अंघोळ करून नुसती ओंजळ पुढे करतो.