कोरड्या जागेसाठी दिलेले रॉड

"जागा कोरडी की ओली?" काका आधी हेच विचारायचे. हातात आटे पाडलेला रॉड, अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरतंय, नजर मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या नटबोल्टच्या दुकानात ते तीस वर्षं काउंटरला होते. अशा दुकानात तुम्हीही उभे राहिला असाल. आपण माप सांगायचं, समोरच्याने पुडी बांधायची, संपलं. काकांकडे तसं संपत नसे. किती वजन लटकणार, खाली माणसं वावरणार का, सगळं विचारत. चष्मा कपाळावर चढवून नटावरचा ताकदीचा बारीक आकडा वाचत. रॉड भक्कम आणि नट हलका मागणाऱ्या एका प्लंबरला म्हणाले होते, "एक बैल दांडगा नि एक मरतुकडा, अशी जोडी जुंपू नये रे."

मी कारखान्यांत वाफ ओढणारे पाइप छताला रॉडनी टांगून बसवतो. दोन वर्षांपूर्वी एका रंगाच्या कारखान्याचं काम होतं. तिथल्या आंबट हवेत जस्ताचा जाड थर दिलेले राखाडी रॉडच टिकतात, आणि त्यांना जरा सैल आट्यांचे वेगळे नट लागतात. तो माल दोन दिवसांनी येणार होता. मला काम उद्याच संपवायचं होतं.

काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "कोरडी. ठाण्यातलं ऑफिस आहे."

त्यांनी पातळ मुलाम्याचे चकचकीत रॉड काढून दिले.

पुढच्या पावसाळ्यात नटांपाशी गंज चढला आणि पाइप खाली आला. एका कामगाराचा खांदा मोडला. कारखान्याच्या मॅनेजरने मला धरलं, तसा मी त्याला थेट दुकानात घेऊन आलो आणि म्हणालो, मी मागितले एक, यांनी दिले दुसरेच.

शेठनी सगळ्यांसमोर काकांना विचारलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मी समोरच्या खोक्यावरचं लेबल वाचू लागलो.

"दिले मीच," एवढंच ते बोलले.

शेठनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काकांनी हातांचं तेल साबणाने बराच वेळ धुतलं, डबा उचलला आणि गेले.

महिन्याभराने मी विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलेलो. त्यांनी चहा केला. मी पावसापाण्याचं बोलत कप रिकामा केला. निघताना तेच म्हणाले, "त्या पोराचा हात खांद्यापर्यंत वर जातो आता. मी गेलेलो बघायला. तू गेलास?"

मी गेलो नव्हतो.

यंदा काका वारले. त्यांच्या तेराव्यानंतर मी दुकानात गेलो आणि शेठना सगळं सांगून टाकलं. खोटं मी बोललो, काकांची चूक नव्हती.

शेठ नट तोलत होते. ताजव्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तीस वर्षांत त्यांचा हात कधी चुकला नाही. पण गिऱ्हाईक तू होतास."