चिकटवलेली दोन पानं

आमच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंना मुलं डिंकमावशी म्हणतात. हात हलका, पण तोंड फटकळ. "पुस्तक आहे की पायपुसणं?" असं सुनावल्याशिवाय त्या फाटकं पुस्तक हातात घेत नाहीत.

एका गोष्टीत हत्तीच्या पिल्लाची आई मरते. ती दोन पानं मावशींनी स्वतःच डिंक लावून बंद करून टाकली. "एवढ्याशा जिवांना कशाला हे?"

परवा एक सात वर्षांची मुलगी तेच पुस्तक घेऊन तणतणत आली. "मावशी, आई होती, आणि मग एकदम नाहीच! गेली कुठे?"

मावशींनी पुस्तक हातात घेतलं. लहानपणी त्यांची आई वारली, तेव्हा घरच्यांनी 'गावाला गेलीय' एवढंच सांगितलं होतं. त्या वर्षभर दारात बसून वाट बघत होत्या.

त्यांनी किटलीत पाणी उकळलं, वाफेवर धरून ती पानं अलगद सोडवली. मुलगी तिथेच फतकल मारून वाचू लागली. पिल्लू रडलं तशी तीही रडली. मग नाक पुसून तिने पान उलटलं.

"मावशी, बघ ना, त्याला भूक लागलीय!"

त्या पानापर्यंत मावशी कधी पोचल्याच नव्हत्या.